फटीचा हिशेब : ऑफ-रोड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची देखभाल आणि दुरुस्ती

चार-स्ट्रोक इंजिनातल्या व्हॉल्व्हचे काम एका वाक्यात सांगता येते: ठरल्या क्षणी उघडायचे आणि उरलेला सगळा वेळ घट्ट मिटून राहायचे. इनटेक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला वायू बाहेर सोडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून इंजिन १२,००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ६,००० वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी त्याची तिरकी कड सिलिंडर हेडमध्ये ठोकून बसवलेल्या कडक धातूच्या कड्यावर, म्हणजे सीटवर, येऊन आदळते. व्हॉल्व्ह आणि सीट जिथे एकमेकांना टेकतात तो पट्टा जेमतेम एक मिलिमीटर रुंद असतो. व्हॉल्व्हच्या बाजूचे सगळे कंप्रेशन या पट्ट्याच्या भरवशावर टिकते.

या पट्ट्याचे दुसरे कामही तितकेच मोलाचे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके भर वेगात ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापते. ही उष्णता निघून जायला मुख्यतः दोन वाटा: व्हॉल्व्ह मिटलेला असताना सीटमधून हेडमध्ये, आणि दांड्यातून, तो ज्या नळीत सरकतो त्या गाइडमध्ये. यात मोठा वाटा सीटचा. व्हॉल्व्ह जेवढा वेळ नीट बसतो तेवढाच वेळ तो थंड होतो. मध्ये कार्बनचा कण अडकला, पट्टा अरुंद झाला किंवा व्हॉल्व्ह पूर्ण मिटलाच नाही, तर पेटता वायू त्या बारीक फटीतून वाट काढतो आणि कड जळू लागते. गॅरेजमध्ये ज्याला ‘वॉल जळाला’ म्हणतात तो प्रकार बहुधा अशा न बसण्यातून सुरू होतो.

व्हॉल्व्ह पूर्ण मिटेल याची खात्री राहावी म्हणून थंड इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते. हीच टॅपेट क्लिअरन्स. धातू तापला की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. फट नसेल तर लांबलेला दांडा कॅमला टेकतो आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून त्याची फट मोठी. होंडा सीआरएफ २५० आर या मोटोक्रॉस गाडीच्या पहिल्या पिढीत इनटेकला ०.१२ आणि एक्झॉस्टला ०.२८ मिलिमीटर फट लागते, दोन्हीकडे ०.०३ इकडेतिकडे चालते. यामाहा वायझेड २५० एफच्या सुरुवातीच्या मॉडेलांत इनटेकला ०.१० ते ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२ मिलिमीटर. सुझुकी डीआर-झेड ४०० ला इनटेक ०.१० ते ०.२० आणि एक्झॉस्ट ०.२० ते ०.३०. छपाईच्या साध्या कागदाची जाडी ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, एवढे ध्यानात घेतले की इथला कारभार किती बारीक मापाचा आहे ते कळते. हे आकडे गाडीगणिक बदलतात, एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांतही बदलतात. त्यामुळे हातातल्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल हाच याबाबतीत शेवटचा शब्द.

बहुतेक चालकांना काळजी वाटते ती टॅपेट वाजायला लागल्यावर. वाजणारा टॅपेट म्हणजे वाढलेली फट. ऑफ-रोड गाडीत मात्र बहुधा उलटे घडते: फट कमी होत जाते, आणि कमी होणारी फट आवाज करत नाही. सीट आणि व्हॉल्व्हची कड झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आणखी वर जाऊन बसतो. त्याच्या दांड्याचे टोक तेवढेच कॅमच्या जवळ सरकते. इंजिन उलट अधिक गुळगुळीत चालल्यासारखे वाटते, आणि आत व्हॉल्व्ह हळूहळू मिटेनासा होत असतो. म्हणून ऑफ-रोड गाडीत टॅपेटची फट ही नुसती सेटिंग राहत नाही. व्हॉल्व्हची झीज हेड न उघडता मोजण्याची ती सोपी पट्टी ठरते. फट पुन्हा बरोबर करून दिली की आकडा सुधारतो, व्हॉल्व्ह सुधारत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

ऑफ-रोड गाड्यांत हा विषय एवढा मोठा का झाला, याला थोडा इतिहास आहे. १९७० च्या दशकापासून १९९० चे दशक सरत येईपर्यंत मोटोक्रॉसवर टू-स्ट्रोक इंजिनांचे राज्य होते. त्यांत असे व्हॉल्व्ह नसतातच. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो, इनटेकला फार तर रीडच्या पातळ पट्ट्या असतात. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्री याने यामाहाच्या वायझेडएम ४०० एफ या प्रायोगिक चार-स्ट्रोक गाडीवर विजय मिळवला. पुढच्याच वर्षी वायझेड ४०० एफ विक्रीला आली. तिच्या हेडमध्ये पाच व्हॉल्व्ह होते: तीन इनटेकचे, दोन एक्झॉस्टचे. २००१ मध्ये वायझेड २५० एफ, २००२ मध्ये होंडा सीआरएफ ४५० आर आणि २००४ मध्ये सीआरएफ २५० आर, कावासाकी केएक्स २५० एफ, सुझुकी आरएम-झेड २५० अशी रांगच लागली. टू-स्ट्रोकची चपळाई चार-स्ट्रोककडून काढून घ्यायची तर इंजिन फार वेगाने फिरवणे भाग होते. एवढ्या वेगात जड व्हॉल्व्ह कॅमच्या मागोमाग परत येऊ शकत नाही. त्याला मिटवणारी स्प्रिंग कमी पडते, व्हॉल्व्ह क्षणभर हवेत तरंगतो आणि पिस्टनवर आदळण्याचा धोका निर्माण होतो.

उपाय निघाला तो टायटॅनियमचा. पोलाद पाण्याच्या जवळजवळ ७.८ पट जड, टायटॅनियम सुमारे ४.५ पट, म्हणजे त्याच आकाराचा व्हॉल्व्ह चाळीस टक्क्यांहून हलका. हलक्या व्हॉल्व्हला नरम स्प्रिंग पुरते आणि इंजिन बिनधोक वर जाते. पण टायटॅनियम घासायला नाजूक. दुसऱ्या धातूवर तो घासला तर ओरखडतो, चिकटतो. म्हणून त्याच्या कडेवर आणि दांड्यावर कठीण पदार्थाचा काही मायक्रॉन जाडीचा लेप दिलेला असतो, आणि दांड्याच्या टोकावर अनेकदा कडक पोलादाची छोटी टोपी असते. टायटॅनियम व्हॉल्व्हचे आयुष्य म्हणजे या लेपाचे आयुष्य.

नव्या टायटॅनियम व्हॉल्व्हची ४५ अंशांची कड भिंगाखाली सपाट आणि एकाच रंगाची दिसते. धूळ खाल्लेल्या व्हॉल्व्हच्या त्याच कडेवर मधोमध सभोवार एक चकाकती खाच उमटलेली असते. नख आडवे फिरवले की ते खाचेत किंचित अडते. लेप निघून उघडा पडलेला धातू तो हाच. लेप शाबूत असतो तोवर झीज इतकी मंद असते की तपासणीमागून तपासणी झाली तरी आकडा जवळजवळ हलत नाही. लेप गेला की मऊ धातू सीटवर कुटला जातो, सपाट कड वाटीसारखी खोल होते आणि पुढच्या काही तासांतच फट संपते. टायटॅनियम व्हॉल्व्ह ‘अचानक गेला’ असे जे म्हटले जाते त्यामागे हा दोन टप्प्यांचा हिशेब असतो.

लेप घालवणारा मुख्य शत्रू म्हणजे धूळ. रस्त्यावरच्या गाडीत आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थकतो, कारण तिथे उष्णता जास्त. ऑफ-रोड गाडीत आधी इनटेक व्हॉल्व्ह थकतो, कारण फिल्टरमधून निसटलेली धूळ पहिल्यांदा त्याच्याच कडेवर येऊन बसते. सेकंदाला शंभर आदळण्यांच्या मध्ये सापडलेला वाळूचा कण पॉलिश पेपरचे काम करतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या जांभ्याची लाल धूळ, देशावरच्या उन्हाळी शिवारवाटांची भुकटी आणि पावसाळ्यात फिल्टरच्या डब्यात शिरणारे चिखलपाणी ही महाराष्ट्रातल्या चालकाची नेहमीची परिस्थिती आहे. तेव्हा व्हॉल्व्हची निगा एअर फिल्टरपासून सुरू होते.

स्पर्धेच्या गाड्यांत फिल्टर बहुधा तेल लावलेल्या फोमचा असतो. धूळ अडवते ते मुख्यतः तेल. नुसता कोरडा फोम बारीक धुळीला फारसा अडवत नाही. धुळीतल्या प्रत्येक फेरीनंतर तो काढून फोम फिल्टरसाठी मिळणाऱ्या क्लीनरने किंवा साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, दाबून पाणी काढावे, पिळू नये, आणि पूर्ण वाळल्यावरच तेल लावावे. पेट्रोलने धुतल्यास फोमचे थर जोडणारा गोंद सुटू शकतो, शिवाय आगीची भीती. तेल सगळीकडे सारखे मुरले पाहिजे. कोरडा राहिलेला ठिपका म्हणजे उघडे दार. फिल्टरची कड जिथे डब्याला टेकते तिथे ग्रीसचा पातळ थर द्यावा. शेवटी एक साधी परीक्षा: फिल्टर बाहेर असताना इनटेकच्या रबरी नळीत आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर तांबूस किंवा करडी भुकटी आली तर धूळ फिल्टर ओलांडून पुढे गेली आहे. अशा वेळी व्हॉल्व्हची फट ठरल्या वेळेची वाट न पाहता मोजावी.

इंजिनातले तेलही या हिशेबात धरावे लागते. स्पर्धेच्या गाड्यांत तेल एक लिटरच्या आतबाहेर असते, तेवढ्यावर कॅम, गाइड सगळे चालते. ते लवकर काळे पडते आणि पातळ होते. तसेच मिश्रण फार पातळ असले, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अवाजवी तापतो. फाटलेले इनटेक रबर, चोंदलेला जेट किंवा इंजेक्टर, सैल सायलेन्सर जोड यांकडे दुर्लक्ष झाले की त्याची किंमत शेवटी व्हॉल्व्ह चुकवतो.

फट जुळवण्याच्या रचना मुख्यतः दोन. पहिली रॉकरची: कॅम रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, आणि रॉकरच्या टोकाला स्क्रू व लॉकनट असतो. होंडाच्या एक्सआर मालिकेतल्या जुन्या ट्रेल गाड्यांत ही पद्धत होती. भारतात सहज मिळणाऱ्या गाड्यांपैकी हीरो एक्सपल्स २०० (२०१९) आणि रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ (२०१६) यांच्या हेडमध्येही एक कॅमशाफ्ट, दोन व्हॉल्व्ह आणि रॉकर अशीच सुटसुटीत मांडणी होती. एक्सपल्सला २०२१ मध्ये चार व्हॉल्व्ह मिळाले. २०२३ च्या हिमालयन ४५० मध्ये दोन कॅमशाफ्ट आणि चार व्हॉल्व्ह आले. रॉकरच्या रचनेत दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी चालतात: सीट झिजून फट कमी होते, तर रॉकरचे टोक झिजून ती वाढते. त्यामुळे तिथला आकडा वाचताना थोडी सावधगिरी लागते.

दुसरी रचना शिमची. कॅम थेट एका उपड्या पेल्यासारख्या बकेटवर किंवा बोटासारख्या पातळ फॉलोअरवर दाब देतो, आणि बकेटच्या अथवा फॉलोअरच्या खाली, व्हॉल्व्हच्या टोकावर, ठरावीक जाडीची गोल चकती म्हणजे शिम बसते. वेगवान इंजिनांत हीच पद्धत, कारण हलणारे वजन कमी. चाकणच्या बजाज कारखान्यात तयार झालेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरलाही फट बदलायची तर शिम बदलावी लागते. होंडाच्या सीआरएफ ४५० आरने दोन्हींचा मेळ घातला: एकच कॅमशाफ्ट इनटेकच्या बकेटवर थेट दाब देतो आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह रॉकरमार्फत चालवतो. शिमच्या रचनेत सेटिंग लवकर हलत नाही. हलली तर तो बहुधा सीटच्या झिजेचा पुरावा असतो.

बिघडत्या व्हॉल्व्हची लक्षणे सुरुवातीला फसवी असतात. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ घेते, चोक लागतो, गाडी ढकलून मात्र लगेच सुरू होते. पुढे गरम इंजिनही किकला दाद देत नाही. आयडल स्थिर राहत नाही, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते, चढावर जोर कमी पडतो. यांतले प्रत्येक लक्षण कार्ब्युरेटर, प्लग किंवा इंजेक्टरच्या बिघाडातही दिसते. म्हणून प्लग बदलत आणि जेट धुवत बसण्यापेक्षा आधी फट मोजणे शहाणपणाचे.

किती दिवसांनी मोजावी हे गाडीच्या जातीवर आहे. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठी बनवलेल्या गाड्यांत उत्पादक हजारो किलोमीटरचे अंतर सांगतो. निव्वळ स्पर्धेच्या गाड्यांत हिशेब तासांचा असतो, म्हणून तिथे तास मोजणारे छोटे मीटर लावतात. नव्या इंजिनाची पहिली तपासणी रनिंग-इन संपताच करायची, कारण सुरुवातीच्या तासांत भाग एकमेकांना बसताना आकडा थोडा हलतो. तो स्थिरावल्यावर जो मिळतो तो मूळ आकडा.

मोजणी थंड इंजिनावरच करावी. अनेक मॅन्युअल इंजिनाचे तापमान ३५ अंशांखाली असावे असे सांगतात. बसायची सीट, टाकी आणि हेडचे झाकण काढण्यापूर्वी गाडी धुऊन, हवा मारून वरचा भाग स्वच्छ करावा. झाकण उघडल्यावर आत पडलेला मातीचा एक खडा पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. प्लग काढला की इंजिन हाताने सहज फिरते. पिस्टन कंप्रेशनच्या टॉपवर आणून खुणा जुळवायच्या. या ठिकाणी कॅमचे उंचवटे व्हॉल्व्हपासून दूर वळलेले असतात. बहुतेक आधुनिक गाड्यांत सुरू करणे सोपे जावे म्हणून एक्झॉस्ट कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो, तो कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. खूण हुकली म्हणून इंजिन उलटे फिरवले तर हा डीकॉम्प्रेसर मध्ये येऊन खोटा आकडा देऊ शकतो. अशा वेळी सुलट दिशेने आणखी दोन फेरे देऊन पुन्हा खुणेवर यावे.

फीलर गेजची पाती एकेक वाढवत घालावी. अलगद ओढ लागून जाणारे पाते आणि त्याच्या पुढचे न जाणारे पाते, या दोहोंच्या मध्ये खरा आकडा असतो. पाते वाकडे घालू नये, रेटू नये. प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वेगळा, डावे-उजवे लिहून, तारीख आणि तासांसह वहीत टिपावा. ही वही मेकॅनिकच्या पेटीतल्या कुठल्याही पान्याइतकी कामाची. समजा एका इनटेक व्हॉल्व्हचा आकडा सुरुवातीला ०.१२, वीस तासांनी ०.१२, चाळीस तासांनी ०.११ आणि पन्नास तासांनी ०.०७ आला. शेवटच्या दहा तासांतली घसरण आधीच्या चाळीस तासांच्या चौपट आहे. लेप गेल्याची ती खूण. सगळे इनटेक व्हॉल्व्ह एकदम घसरले असतील तर संशय फिल्टरवर घ्यावा. एकच घसरला असेल तर त्याची सीट, गाइड किंवा वाकलेला दांडा पाहावा.

शिम बदलण्याचे गणित सोपे आहे: जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. जुनी शिम १.९० मिलिमीटर, मोजलेली फट ०.०७, हवी ०.१२, तर नवी शिम १.८५. फट कमी झाली की शिम पातळ लागते. बाजारातल्या संचांत शिम्स साधारण ०.०५ मिलिमीटरच्या पायरीने मिळतात, होंडासारख्या कंपन्या ०.०२५ च्या पायरीनेही देतात. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, मायक्रोमीटरने मोजावे.

कॅम काढण्याआधी टायमिंग चेनचा बोगदा स्वच्छ फडक्याने बंद करावा. तेलामुळे शिम बकेटच्या तळाला चिकटून वर येते आणि भलत्या क्षणी सुटून खाली पडते. क्रँककेसमध्ये गेलेली शिम काढायला इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते. चेन टेन्शनर आधी काढायचा किंवा लॉक करायचा, चेन सुतळीने अथवा तारेने वर बांधून ठेवायची, प्रत्येक बकेट आपल्याच जागी परत जाईल अशी मांडणी करायची. कॅमच्या कॅपचे बोल्ट बारीक, आणि आटे ॲल्युमिनियममध्ये. ते टॉर्क रेंचनेच, आडवेतिडवे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकीकडून आवळत गेल्यास कॅप तडकते किंवा कॅम अडकतो. टेन्शनर पुन्हा बसवल्यावर किक मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे, खुणा जुळल्याची खात्री करावी आणि फट नव्याने मोजावी. टायमिंग एका दाताने चुकले तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. हाताने फिरवताना जाणवलेला अडथळा ही अशा वेळी शेवटची सूचना.

शिम किती वेळा बदलत राहायची, हा या विषयातला कळीचा प्रश्न. टायटॅनियम व्हॉल्व्ह मूळ आकड्यापासून एकूण ०.१० ते ०.१५ मिलिमीटर वर सरकला की त्याचा लेप संपला असे अनुभवी मेकॅनिक धरून चालतात. पहिल्या शिमनंतर आकडा पुन्हा दीर्घकाळ स्थिर राहिला तर ठीक. काही तासांतच तो परत घसरला तर आणखी पातळ शिम घालणे म्हणजे तापमापक बदलून ताप उतरल्याचे समाधान मानणे. पातळ कडेचा व्हॉल्व्ह भर वेगात तुटला तर त्याचे डोके पिस्टन, सिलिंडर, हेड आणि प्रसंगी क्रँकही घेऊन जाते. व्हॉल्व्हच्या संचाचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

हेड काढण्याआधी निदान पक्के करायचे तर लीक-डाउन चाचणी करावी. डीकॉम्प्रेसरमुळे साध्या कंप्रेशन गेजचा आकडा या गाड्यांत फसवा येतो. लीक-डाउनमध्ये पिस्टन टॉपवर धरून प्लगच्या छिद्रातून ठरावीक दाबाची हवा सोडतात आणि किती गळते ते पाहतात. थ्रॉटलच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या झाकणाशी आली तर पिस्टन रिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेडचे पॅकिंग. हेड उतरवल्यावर तीच खातरजमा आणखी सोपी: पोर्टचे तोंड वर येईल असे हेड धरून त्यात रॉकेल ओतायचे आणि व्हॉल्व्हच्या कडेने दहनकक्षात ओल उतरते का ते पाहायचे.

व्हॉल्व्ह काढण्यासाठी स्प्रिंग दाबणारा लिफ्टर लागतो. दांड्याच्या खाचेतले दोन अर्धगोल लॉक मॅग्नेटने उचलावेत. कड, दांडा आणि टोक अशा क्रमाने तपासणी करावी. दांडा मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजावा, व्ही-ब्लॉकवर फिरवून वाक पाहावा. नव्या गाइडमध्ये दांड्याला ०.०१ ते ०.०४ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक असते. ती वाढली की व्हॉल्व्ह दर वेळी सीटवर वेगळ्या जागी बसतो आणि कितीही चांगली सीट लवकर बिघडते. म्हणून दुरुस्तीचा क्रम पक्का आहे: आधी गाइड, मग सीट, मग व्हॉल्व्ह. गाइड बदलायचा तर हेड ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या वर एकसारखे तापवावे लागते. गॅसच्या ज्योतीने ते वाकडे होते. नवा गाइड बसला की त्यात रीमर फिरवायचा आणि सीट नव्याने कापायची, कारण जुनी सीट जुन्या गाइडच्या मध्याशी जुळलेली असते.

सीट तीन कोनांत कापतात: मधला ४५ अंशांचा बसण्याचा पट्टा, त्याच्या दहनकक्षाकडच्या बाजूला ३० किंवा ३२ अंश, पोर्टकडच्या बाजूला ६० अंश. व्हॉल्व्हच्या कडेला निळा रंग लावून टेकवला की पट्टा कुठे उमटतो ते दिसते. तो कडेच्या मध्यावर, सभोवार अखंड आणि मॅन्युअलमधल्या रुंदीचा हवा. पट्टा व्हॉल्व्हच्या बाहेरच्या काठाकडे गेला असेल तर ३२ अंशांच्या कटरने तो खाली आणतात, आतल्या बाजूला गेला असेल तर ६० अंशांच्या कटरने वर. प्रत्येक कापणीगणिक व्हॉल्व्ह थोडा वर सरकतो, शिम आणखी पातळ लागते आणि बसलेल्या स्प्रिंगची लांबी वाढून तिचा दाब कमी होतो. म्हणून लागेल तेवढेच कापावे आणि शेवटी स्प्रिंगची उंची मोजून गरज पडल्यास तिच्या खाली वॉशर द्यावा. हे काम घरगुती गॅरेजचे नव्हे. नेमका पायलट आणि कटर असलेल्या हेडच्या कारागिराकडेच ते द्यावे. काही रेसिंग हेडमध्ये टायटॅनियमसाठी बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या सीट असतात. त्यांची भुकटी श्वासात जाणे घातक असल्याने त्या कोरड्या घासू नयेत.

वाटीतली पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून बसवणे, ही आपल्याकडच्या गॅरेजमधली जुनी रीत. पोलादी व्हॉल्व्हला ती हलक्या हाताने चालते. टायटॅनियमला मुळीच चालत नाही, कारण पेस्ट पहिल्याच मिनिटात लेप खाऊन टाकते. टायटॅनियमसाठी सीट अचूक कापायची आणि नवा व्हॉल्व्ह तसाच बसवायचा. सीट मोजून पाहण्यासाठी पेस्ट वापरायचीच असेल तर ती जुन्या व्हॉल्व्हवर वापरावी.

टायटॅनियमच्या जागी स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह बसवण्याचा मार्ग बरेच ट्रेल चालक स्वीकारतात. ते स्वस्त, टिकाऊ आणि धुळीला जास्त सोसणारे. मात्र वजन वाढते, म्हणून त्यांच्यासोबत त्यांच्यासाठी बनवलेल्या कडक स्प्रिंगच घ्याव्या लागतात. जुन्या नरम स्प्रिंगवर जड व्हॉल्व्ह म्हणजे वरच्या आरपीएमवर तरंगणाऱ्या व्हॉल्व्हला आमंत्रण. जंगलवाटांवर मध्यम वेगात चालणाऱ्या गाडीला हा बदल फायद्याचा पडतो. शर्यतीत इंजिन सतत वरच्या टोकाला फिरते, तिथे मूळ टायटॅनियमच बरे. भारतात सुपरक्रॉसचा पसारा वाढतो आहे, २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. अशा शर्यतींतल्या गाड्यांचे भाग परदेशातून मागवावे लागतात आणि यायला वेळ लागतो. आकड्यांच्या वहीचा व्यावहारिक उपयोग इथे दिसतो: घसरण सुरू होताच व्हॉल्व्ह, स्प्रिंग, सील आणि पॅकिंग मागवून ठेवता येतात.

जोडणीच्या वेळी दांड्याचे सील नवेच घालावे, दांड्याला तेल लावावे, स्प्रिंगचे दाट वेढे हेडकडे ठेवावेत. लॉक बसल्यावर दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोड्याने हलका ठोका दिला की लॉक खाचेत पक्का बसल्याची खात्री होते. स्प्रिंगची मोकळी लांबी मर्यादेखाली गेली असेल तर व्हॉल्व्ह चांगले असले तरी स्प्रिंग बदलाव्यात. हेडचे पॅकिंग पुन्हा वापरू नये. रॉकेलची परीक्षा हेड बसवण्याआधी एकदा पुन्हा घ्यावी, म्हणजे चूक राहिली असेल तर ती टेबलावरच सापडते.

दुरुस्तीनंतर पहिल्या काही तासांत नवी सीट आणि नवा व्हॉल्व्ह एकमेकांना बसतात, आकडा थोडा खाली येतो. त्यामुळे नवी फट मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवणे सोयीचे. त्या तासांनंतर फट मोजून आलेला आकडा नवा मूळ आकडा म्हणून वहीत लिहावा, सोबत शिमची जाडी आणि तासांचा मीटर. पुढच्या प्रत्येक मोजणीची तुलना या नोंदीशी करायची.